वैतागाची घाई

चिकोडीच्या कचेरीत जमिनीच्या उताऱ्यासाठी सकाळपासून खोळंबलेला आणि अखेर हाती पडलेला कानडी कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणारा मराठी शेतकरी जेव्हा ‘लई वैताग आलाय बघा, सगळं सोडून कुठंतरी निघून जावं’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत संन्याशाची भाषा बोलत असतो. शेजारी बसलेला कानडी पक्षकार हाच भाव ‘बेजार’ या फारसी शब्दाने व्यक्त करतो आणि तो उभयतांना सारखाच कळतो. १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा तंटा मिटलेला नसला, तरी त्रासाच्या बाबतीत दोन्ही भाषांचे दप्तर एकच आहे.

परंतु संसाराचा वीट येणे आणि संसारातून मन उठणे या दोन अवस्था एकच काय? निर्वेदाला, म्हणजे विरक्तीला, शांतरसाचा स्थायीभाव मानताना आपल्या साहित्यशास्त्रकारांनी एक मार्मिक भेद केला: तत्त्वज्ञानातून उपजलेला निर्वेद तेवढा स्थायी, आणि दारिद्र्य, अपमान, इष्टवियोग यांतून उद्भवलेला तो केवळ संचारी, आला तसा जाणारा. गीतेच्या अठराव्या अध्यायाचा निवाडा तर याहून कडक आहे. देहाला क्लेश होतील या भयाने केलेला त्याग राजस होय आणि त्यागाचे फळ तो करणाऱ्याला लाभत नाही.

या भेदाची साक्ष काढण्यास दूर जावे लागत नाही. जुन्या चिकोडी तालुक्यातील भोज गावचे सातगौडा पाटील, जे पुढे दिगंबर जैन परंपरेत आचार्य शांतिसागर म्हणून वंद्य झाले, १८७२ साली जन्मले. बालपणी लागलेले लग्न पत्नीच्या अकाली मृत्यूने संपले, दुसरे त्यांनी नाकारले. आणि दीक्षेची ओढ तीव्र असतानाही, आपण हयात असेतो घर सोडू नये ही वडिलांची इच्छा शिरसावंद्य मानून ते घरीच राहिले. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मुनिपदाच्या आधीची ‘क्षुल्लक’ दीक्षा घेतली, १९२० मध्ये यरनाळला मुनिदीक्षा, आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखनेने देह ठेवला. त्या अखेरच्या उपोषणाची कीर्ती सर्वत्र गाइली जाते. मला मात्र त्याआधीचे ते वर्षानुवर्षांचे थांबणे अधिक विलक्षण वाटते. वैतागलेल्या मनुष्याला निघण्याची घाई असते, आणि चार दिवसांची मुदत दिली की बहुधा त्याचा बेतच रहित होतो.

म्हणून वैताग सर्वथा तुच्छ लेखावा, असे मात्र नव्हे. दुष्काळाने दिवाळे निघालेले, पत्नी अन्नावाचून गेलेली, सावकारीची अब्रू धुळीस मिळालेली, अशा स्थितीत तुकोबांनी डोंगर गाठला तेव्हा त्यांच्या मनात उद्वेगाचा अंश नव्हता, असे कोण म्हणेल? मात्र परंपरेने सांगितलेला पुढचा प्रसंग लक्षात घ्यावा. कर्जखते इंद्रायणीत सोडण्यापूर्वी त्यांनी त्यांची वाटणी केली, धाकट्या कान्होबाचा निम्मा हिस्सा त्याच्या हाती दिला, आणि बुडविली ती फक्त आपली. निव्वळ वैतागाने गेलेला मनुष्य वाटणीसाठी थांबला नसता.