दगड जन्मतः कठीण नसतो

 

मागच्या गुरुवारी केरीच्या सत्संगात एका आईने विचारलं, "दोघे मुलगे एकाच घरात. मध्ये चिऱ्यांची भिंत घातली, आता एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. मी थोरल्याकडे असते. धाकट्याचं काळीज दगड झालंय. त्याचा नाद सोडू का?"

आम्ही सगळे गप्प. खरं सांगायचं तर धाकट्याला 'दगड' हे नाव आम्हीच दिलं होतं.

मग मनात आलं, दगड म्हणजे तरी काय?

आपला चिराच घ्या. फेरीबोटीने पलीकडे गेलं की दिसतो तो तेरेखोलचा किल्ला याच जांभ्या दगडाचा. मलबारात अंगाडीपुरमला हाच दगड पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी 1807 साली त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. जमिनीत असताना तो इतका मऊ, की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो. बाहेर काढला की ऊन-वाऱ्याने त्याची ओल जाते, त्यातल्या लोहाच्या संयुगांचे स्फटिक बनतात आणि ते कणाकणाला जखडून टाकतात. म्हणून चिरा ताजा असतानाच तासून घेतात. मागाहून हत्यार बोथट होतं.

माणसाचंही तसंच नाही का? वाटणीच्या वेळी हाच धाकटा दोनदा आमच्याकडे आपली बाजू सांगायला आला होता. "नामस्मरण कर, सगळं ठीक होईल," म्हणून आम्ही त्याला परत पाठवलं. नाम खोटं नव्हे. पण ऐकून घ्यायचा कंटाळा आम्ही नामाआड लपवला. तेव्हा तो ओला होता.

आता कठीण झाला, म्हणजे सगळं संपलं का? विज्ञान तसं म्हणत नाही. 1912 साली माक्स फॉन लाउए यांच्या प्रयोगात स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि आतले अणू शिस्तीने रांगेत असल्याचं सिद्ध झालं. रांगेत, पण स्वस्थ नव्हे. प्रत्येक अणू जागच्या जागी थरथरत असतो. कितीही थंड केलं तरी ती थरथर पूर्ण थांबत नाही. आपण ज्याला 'जड' म्हणून मोकळे होतो, ते इतकंही निश्चल नसतं.

आणि आपला सडा बघा. वरून काळाकभिन्न, मे महिन्यात पाय पोळतो. पण जांभा आतून छिद्रांनी भरलेला. पावसाचं पाणी त्यातून मुरतं आणि पायथ्याच्या झरीला येतं. सडा मऊ होत नाही. तरी पाण्याला वाट देतो.

परवा आम्ही तिघे धाकट्याकडे गेलो. भिंतीचा विषय काढला नाही. "तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं, आमचं चुकलं," एवढंच म्हटलं. तो काही बोलला नाही. निघताना मात्र दारापर्यंत आला आणि विचारलं, "आईचे गुडघे कसे आहेत?"

भिंत अजून आहे. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

या आठवड्याचं चिंतन: आपल्या घरात आज कोण अजून ओलं आहे? त्याचं आजच ऐकून घेऊया.