कावळ्याला काय सांगणार?

घरातलं म्हातारं माणूस गेलं की भेटायला येणारे एकाच सुरात बोलतात. किती मायाळू होत्या, हाताला काय चव होती, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. आमची आत्याआजी गेली तेव्हाही हेच झालं. वास्तविक ती चांगली फटकळ होती. या कौतुकात खोटं फारसं नसतं, पण त्यातलं प्रत्येक वाक्य आपल्याला काय मिळालं याचं असतं. तिनं लाडू दिले, आजारपणं काढली, भांडणं मिटवली. आपण आठवतो ते बहुधा आपलंच सुख.

श्राद्धाचं त्या मानानं सोपं आहे. तीन पिढ्यांची नावं गोत्रासह घ्यायची. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहेच. दहाव्याला मात्र नुसत्या नावानं भागत नाही. पिंड मांडून सगळे बाजूला होतात आणि कावळा शिवेना, तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल ते जमलेल्यांनी शोधायचं. कावळ्यावर विश्वास असो-नसो, जन्मभर न विचारलेला प्रश्न तिथे भर उन्हात विचारावा लागतो.

पुण्यात ओंकारेश्वरच्या घाटावर आम्ही तसेच उभे होतो. कावळे भिंतीवर बसलेले, पण खाली उतरेनात. "धाकट्याचं लग्न थाटात लावू," काका म्हणाले. "गावचं घर विकणार नाही." "देवघर नीट सांभाळू." सगळी वचनं घराच्या काळजीची; तिचं स्वतःचं त्यात काहीच नव्हतं. शेवटी धुणंभांडी करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "आजींना आतून कडी लावता येईल अशी खोली हवी होती. नेहमी म्हणायच्या." तिची वळकटी जन्मभर माजघरात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर पडली. आता खोलीचं वचन कोण देणार? गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

नेहमी म्हणायच्या, पण आम्हांला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर, भाऊ, विठ्ठल आहेत, तशी सासरची गाऱ्हाणीही आहेत. बायका मनातलं बोलत होत्या, फक्त पहाटे, घर झोपेत असताना, जात्यापाशी. पुढे गिरणी आली, जातं अडगळीत गेलं. आत्याआजीला बोलायला धुणंभांडी करणाऱ्या बाई उरल्या. आणि आम्ही सगळे तिथेच, माजघर ओलांडून ये-जा करत होतो.

माझी आई आता पंचाहत्तरीला आली आहे. परवा तिला सरळच विचारलं, तुला काय हवंय?

"मला मेलीला काय हवंय! तुम्ही सुखात असा म्हणजे झालं."

या उत्तरावर एकही कावळा खाली उतरायचा नाही.