आपल्या ज्येष्ठांचे ताट



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपली ख्रिस्तसभा आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली हा दिन सुरू केला. त्या दिवशी आपण ज्येष्ठांना फुले देतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो. ह्या वर्षी त्यांच्या ताटातही डोकावून पाहू या.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जातो. एका घरी मावशी एकट्याच असतात. मुलगा आखातात, लेक कॅनडात. "जेवलात का, मावशी?" असे विचारले तर त्या हसून म्हणाल्या, "एकटीसाठी काय रांधायचे, फादर? चहा-बटर खाल्ले, झाले." पैशाची अडचण नव्हती. कपाटात शक्तिवर्धक पावडरीचे दोन डबे होते, सील न उघडलेले. दुसऱ्या एका घरी आजोबांचे बरेचसे पैसे औषधातच जातात. तेथेही ताटात नुसती पेज आणि लोणचे.

ह्या दोन घरांतून परतताना आम्हांला एलिया संदेष्टा आठवला. राणीच्या धाकाने पळालेला, थकलेला एलिया रानात एका झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागत होता. देवाने दूत पाठवला. दूताने त्याला उपदेश केला नाही, श्रद्धा कमी पडली म्हणून बोल लावला नाही. त्याला हलवून उठवले आणि खायला सांगितले. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी, एवढेच जेवण. एलिया खाऊन पुन्हा झोपला, तेव्हा दूत दुसऱ्यांदा आला. हे दुसऱ्यांदा येणे आम्हांला फार मोलाचे वाटते. वृद्ध माणूस एकदा सांगून जेवत नाही, हे ज्याने घरी वृद्धांची सेवा केली आहे त्याला ठाऊक आहे.

उतारवयात भूक आणि तहान मंदावते, पण शरीराची प्रथिनांची गरज काही कमी होत नाही. ती भागली नाही तर मांस झडते, पायांतले बळ जाते आणि एके दिवशी मोरीत पाय घसरतो. त्यावर उपाय महागडा नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी दात नसलेल्यालाही खाता येते. वर दही किंवा चमचाभर दाण्याचे कूट घालावे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा सकाळच्या बटरऐवजी नाचणीची पेज का नसावी? पावसाळ्यात ताजी मासळी महाग होते. पण मूठभर सुका जवळा स्वच्छ धुऊन वांग्यात घातला की जेवणाला चव येते आणि पोषणही मिळते. खारवलेला मासा, पापड, लोणचे मात्र बेताने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, इतकेच मीठ असावे. जीभ बोथट झाली की हात मिठाकडे जातो, त्याऐवजी लिंबू पिळावे. परसातला शेवगा तर फुकट आहे. आपण त्याच्या शेंगा खातो आणि पाला टाकून देतो! मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्ही वेदीवरून अधिक वेळा सांगायला हवी होती. आपल्या कितीतरी आजी सकाळच्या मिस्साला उपाशी येतात, कारण त्यांच्या आईने तसे शिकवले. पूर्वी मध्यरात्रीपासून उपवास होता, हे खरे. १९६४ सालापासून तो ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी केवळ एक तासाचा आहे. आणि १९८३ च्या धर्मविधीनुसार वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांना त्या एका तासाचेही बंधन नाही. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवारचा उपवासही वयाची ५९ वर्षे पूर्ण झाली की बंधनकारक राहत नाही. तेव्हा आजी, साखरेची गोळी घेऊन रिकाम्या पोटी देवळात येऊ नका. काहीतरी खाऊन या. ह्यात पाप नाही.

त्या मावशींचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांच्या समूहातील दोन घरांनी आळीपाळीने दुपारचे जेवण त्यांच्याकडेच नेऊन, त्यांच्यासोबत बसून जेवायचे ठरवले. रोज जमत नाही, आठवड्यातून तीन दिवस जमते. घरात रांधलेलेच, थोडे मऊ आणि कमी तिखट. पहिले दोन आठवडे मावशी संकोचाने "कशाला उगाच?" म्हणत. आता अकरा वाजले की त्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि जेवण झाल्यावर रिकामा डबा परत न देता त्यात झाडाची लिंबे घालून देतात.