परदेशी विद्यार्थ्याची प्रतिज्ञा

अमेरिकेत शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्याचे विद्यापीठ जो दस्तऐवज देते त्याला आय-२० असे रुक्ष नाव आहे. आणि तो हाती पडताच घरची मंडळी बहुधा त्यावरील शुल्काचे आकडे, अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख आणि नावाचे स्पेलिंग एवढेच तपासून पाहतात. परंतु त्याच पहिल्या पृष्ठाच्या तळाशी विद्यार्थ्याच्या सहीसाठी जागा राखलेली असते, आणि प्रवेशाच्या अटी आपण वाचल्या असून त्या पाळण्यास कबूल आहोत, या देशात आपण तात्पुरतेच राहणार आहोत आणि येथे नमूद केलेल्या संस्थेत पूर्ण वेळ अध्ययन करणे एवढाच आपला हेतू आहे, असे तो तेथे लिहून देत असतो. तो अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची सहीही लागते. विमानाचे तिकीट आणि कर्जाचे हप्ते यांच्या विवंचनेत ही सही घाईघाईने उरकली जाते, हे खरे. तथापि ती एक प्रतिज्ञा आहे, आणि प्रतिज्ञापालनाविषयी आपल्याकडे आजवर जो विचार झाला तो सारा तिला लागू पडतो, असे माझे मत आहे.

प्रथम व्हिसा आणि दर्जा यांची नेहमी होणारी गल्लत दूर केली पाहिजे. पासपोर्टावरचा व्हिसा हा सरहद्दीवर जाऊन प्रवेश मागण्यापुरता परवाना होय. विद्यार्थी अमेरिकेत असताना त्याची मुदत संपली तरी तेवढ्याने त्याच्या वास्तव्यास बाध येत नाही. उलट व्हिसाची मुदत वर्षानुवर्षे शिल्लक असताना एफ-१ हा दर्जा मात्र हातचा जाऊ शकतो, कारण तो विद्यार्थ्याच्या वर्तनावर उभा असतो. पदवीपूर्व विद्यार्थ्याने दर सत्रात सामान्यतः निदान १२ क्रेडिटचे अध्ययन केले पाहिजे. विषय कमी करावयाचा तर विद्यापीठातील नेमलेल्या अधिकाऱ्याची, ज्याला मुले डीएसओ म्हणतात त्याची, मंजुरी आधी घेतली पाहिजे. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातील काम आठवड्यास २० तासांच्या वर जाता कामा नये, आणि आवाराबाहेर विनापरवाना काम मुळीच करता कामा नये. बिऱ्हाड बदलले तर १० दिवसांच्या आत कळविले पाहिजे. आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर पुढची कोणतीच मंजुरी नसेल तर ६० दिवसांत देश सोडला पाहिजे.

हे सारे का पाळावयाचे, या प्रश्नाला ‘नाही तर परत पाठवतील’ हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. ते खोटे नाही, पण भयावर उभारलेले वर्तन पकडले जाण्याचा संभव संपताच कोसळते, म्हणून याहून खोल आधार शोधणे प्राप्त आहे. प्लेटोच्या ‘क्रायटो’ या संवादात सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जाण्यास नकार देतो तो अशासाठी की अथेन्सच्या कायद्यांनीच त्याला वाढविले, शिकविले, आणि निघून जाण्याची मोकळीक असूनही सत्तर वर्षे तो तेथेच राहिला, म्हणजे त्याने त्या कायद्यांशी जणू करारच केला होता. हा युक्तिवाद नाशिकहून किंवा साताऱ्याहून टेक्ससला गेलेल्या मुलाला पुरा लागू पडत नाही. तेथील कायद्यांनी त्याला वाढविलेले नाही, आणि ते घडविण्यात त्याला मताचा अधिकारही नाही. कांटने शाश्वत शांतीवरील आपल्या १७९५ च्या निबंधात परक्या माणसाच्या बाबतीत एक मार्मिक भेद केला आहे: कोणत्याही भूमीवर पाऊल टाकताच शत्रूसारखी वागणूक न मिळणे हा मनुष्यमात्राचा हक्क आहे, परंतु पाहुणा म्हणून तेथे राहण्याचा हक्क मात्र विशेष करारावाचून निर्माण होत नाही. विद्यार्थ्याचे वास्तव्य या दुसऱ्या कोटीतले. त्याच्यामागे जन्माचे ऋण नाही, पूर्वजांची पुण्याई नाही. आहे तो केवळ दिलेला शब्द, आणि म्हणूनच त्या शब्दाचे मोल त्याच्या बाबतीत नागरिकापेक्षाही अधिक आहे.

शब्द दिला खरा, पण त्याचा अर्थ कोणी लावावयाचा? या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार मला एका परदेशी विद्यार्थ्याच्याच चरित्रात आढळतो. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघण्यापूर्वी गांधीजींनी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष आईला वचन दिले की मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून आपण दूर राहू. लंडनमध्ये मांस या शब्दाच्या अनेक व्याख्या त्यांच्या कानी आल्या. पशुपक्ष्यांचे तेवढे मांस असे धरले तर मासे आणि अंडी दोन्ही चालली असती. प्राणिमात्राचे मांस वर्ज्य मानले तरी अंडी सुटली असती. त्या मोहात ते काही काळ सापडलेही. पण वचन घेताना आईच्या मनात जो अर्थ होता तोच आपल्यावर बंधनकारक आहे, आणि तिच्या मांसाच्या कल्पनेत अंडी येतात, हे ध्यानात येताच त्यांनी अंडी सोडली. मग पुडिंग किंवा केक समोर आला की त्यात अंडे आहे काय, अशी चौकशी करण्याचा अवघडलेपणाही त्यांनी पत्करला. आत्मकथेत या प्रसंगावरून त्यांनी दोन नियम सांगितले आहेत: प्रतिज्ञा घेवविणाऱ्याने प्रामाणिकपणे जो अर्थ घेतला असेल तो प्रमाण मानावा, आणि जेथे दोन अर्थ संभवतात तेथे दुबळ्या पक्षाचा अर्थ ग्राह्य धरावा.

पहिला नियम विद्यार्थ्याला बांधतो. वकिलातीच्या खिडकीपाशी ‘मी शिकावयास जात आहे’ असे त्याने सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा जो सरळ अर्थ घेतला तोच त्याच्या प्रतिज्ञेचा अर्थ. काही संस्था पहिल्या दिवसापासूनच सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नोकरी करण्याची, मंजुरी देतात. अभ्यासक्रमालाच तशा अनुभवाची खरी गरज असेल तर ते कायद्यात बसते. परंतु वर्ग नावापुरता, हजेरी सत्रातून एखाद्या शनिवार-रविवारची आणि बाकीचा सर्व काळ पूर्ण वेळ नोकरी, असा जेथे शिरस्ता पडला आहे तेथे ‘मी विद्यार्थी आहे’ हे विधान अक्षरशः खरे असूनही खोटेच असते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार करताना वाणी ही वंचना करणारी नसावी अशी अट घातली आहे, आणि ती स्पष्ट करताना वाचस्पती मिश्रांनी उदाहरण दिले आहे ते द्रोणाला युधिष्ठिराने दिलेल्या उत्तराचे. अश्वत्थामा मेला होता, पण तो हत्ती होता. युधिष्ठिराचे शब्द खरे ठरले आणि द्रोणाच्या मनात मात्र असत्य उतरले.

यावर कोणी म्हणेल, की खोलीचे भाडे थकलेले, घरी कर्जाचा तगादा, अशा स्थितीत एखाद्या हॉटेलात रोखीने भांडी घासणाऱ्या मुलाला सत्याचे पाठ देणे निष्ठुरपणाचे आहे. ही व्यथा मला परकी वाटत नाही, आणि त्या मुलाला अपराधी म्हणताना माझी जीभ अडखळते. तरीही दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक अशी, की एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, अकल्पित कारणाने तीव्र आर्थिक ओढग्रस्त आली असेल तर आवाराबाहेर काम करण्याची परवानगी मागण्याची तरतूद त्या कायद्यातच आहे, आणि तो अर्ज कसा करावयाचा हे विचारण्यासाठीच डीएसओची कचेरी आहे. दुसरी अशी, की कायदा अन्यायाचा वाटला तर त्याच्याशी झगडण्याचा धर्म्य मार्ग उघड असतो. ज्या गांधीजींनी आईचे वचन अंड्यापर्यंत पाळले त्यांनीच ऑगस्ट १९०८ मध्ये जोहान्सबर्ग येथे हिंदी लोकांच्या नोंदणीच्या दाखल्यांची जाहीर होळी करविली. पण ती भर सभेत, सरकारला आधी कळवून आणि शिक्षेची तयारी ठेवून. जो चोरून नियम मोडतो त्याला त्या होळीचा आधार घेता येत नाही.

मुदत आणि परवानगी यांच्याशी प्रामाणिक राहून विद्या कशी पुरी करावी, याचे उदाहरण आपल्याला फार दूर शोधावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१३ साली बडोदे संस्थानाशी करारनामा करून, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे कबूल करून, कोलंबिया विद्यापीठाची वाट धरली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा कोलंबियानंतर लंडनमध्ये आरंभलेला अभ्यास अर्धाच झाला होता. त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळविली, आणि कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही हुसकावून लावण्यात आले, आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. दुबळ्या पक्षाने शब्द पाळला होता. त्याला तो पाळता यावा एवढी सोय प्रबळ पक्षाच्या राजधानीत होऊ शकली नाही. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा जोडून, १९२० साली ते लंडनला परतले आणि अर्धे राहिलेले काम त्यांनी तडीस नेले.

येथे गांधीजींचा दुसरा नियम समोर येतो, आणि तो राज्यसंस्थेला उद्देशून आहे असे मी मानतो. ज्याच्या हाती सरहद्द आहे, तुरुंग आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारे सेव्हिस नावाचे मध्यवर्ती दप्तर आहे, त्याने संदिग्ध जागी विद्यार्थ्याचा अर्थ ग्राह्य धरला पाहिजे. मिशिगनमध्ये फार्मिंग्टन विद्यापीठ या नावाची एक संस्था अमेरिकी सरकारच्याच अंमलदारांनी थाटली होती. २०१९ च्या जानेवारीत ती बनावट असल्याचे उघड झाले आणि शेकडो विद्यार्थ्यांवर, ज्यांत भारतीयच बहुसंख्य होते, अटकेचा किंवा देश सोडण्याचा प्रसंग आला. तेथे वर्ग भरत नाहीत हे त्यांना ठाऊक होते, असे सरकारचे म्हणणे. ते काहींच्या बाबतीत खरे असेलही. परंतु खोटे बोलणाऱ्याला पकडण्यासाठी स्वतः खोटी संस्था उभी करणारे राज्य प्रतिज्ञेच्या पावित्र्याचा दाखला कोणत्या तोंडाने देणार? पुन्हा २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधील नोंदी पूर्वसूचनेवाचून संपुष्टात आणल्या गेल्या, अनेकांना न्यायालयात दाद मागावी लागली, आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारने त्या नोंदी पूर्ववत करावयास घेतल्या. ज्या मुलाने एकही तास चुकीच्या जागी काम केले नव्हते त्याचीही त्या आठवड्यांत झोप उडाली. करार दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो, ही गोष्ट दुबळ्यानेच प्रबळाला पुनःपुन्हा सांगावी लागते.

तरीही ज्याच्या हातून कसूर झाली त्याने काय करावे? आजारपणात एखादा विषय सोडला आणि मंजुरी घ्यावयाची राहून गेली, असे भल्या मुलांकडूनही होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना तप आणि अध्ययन यांच्याही आधी स्वमुखाने केलेली कबुली आणि पश्चात्ताप यांचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या कायद्यातही दर्जा पुनःस्थापित करून मागण्याचा अर्ज आहे. तो सामान्यतः पाच महिन्यांच्या आत करावयाचा असतो. आजार, संस्था बंद पडणे, अधिकाऱ्याची चूक अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने हे घडले, किंवा डीएसओला मंजूर करता आली असती अशी विषयकपात तेवढी झाली, हे दाखवावे लागते. आणि विनापरवाना नोकरी केलेल्यास त्याचा लाभ मिळत नाही. निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, नकारही येऊ शकतो. म्हणून ज्याला आपली चूक उमगली आहे त्याने मित्रांच्या ऐकीव सल्ल्यांवर महिने घालवू नयेत. दुसऱ्याच दिवशी डीएसओकडे जावे आणि जे घडले ते, तारखांसह, जसेच्या तसे सांगावे.