शक्ती कोणाची?

अलौकिक शक्तीचा दावा करणारा माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेले भक्त यांच्याकडे आपण बहुधा दोनच नजरांनी पाहतो. एक तर ती शक्ती खरी, नाहीतर सगळी लबाडी. तिसरे उत्तर सापडायला युरोपात चाळीसेक वर्षे जावी लागली, आणि ते स्वच्छपणे मांडणारा माणूस गोव्यातल्या कांदोळीचा होता.

सुरुवात दक्षिण जर्मनीत झाली. योहान गासनर हा पाद्री भूत उतरवून रोग बरे करी आणि हजारो लोक त्याच्याकडे लोटत. १७७५ मध्ये बव्हेरियाच्या शासकाने चौकशी लावली, तेव्हा व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रान्झ मेस्मर यांनी भुताचे नावही न घेता रोग्यांना तसेच झटके आणून दाखवले आणि ते थांबवूनही दाखवले. गासनर लबाड नाही, त्याच्या हातून नकळत ‘प्राणिज चुंबकत्व’ वाहते, असा त्यांचा निर्वाळा होता. भूत गेले, पण शक्ती देणाऱ्याच्या हातातच राहिली. आता तो हात मेस्मर यांचा होता.

पुढे पॅरिसमध्ये मेस्मर यांचा दरबारच भरू लागला. लोखंडी दांड्या बसवलेल्या लाकडी पिंपाभोवती रोगी बसत, मंद संगीत चाले आणि रेशमी झगा घातलेले मेस्मर त्यांच्यामधून फिरत. कुणी किंचाळे, कुणी बेशुद्ध पडे, आणि कित्येकांना खरोखर बरे वाटे. या विद्येचे रहस्य ते शिष्यांना शंभर लुई घेऊन शिकवत. लुई म्हणजे त्या काळचे सोन्याचे नाणे.

१७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने या विद्येच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या पासीच्या बागेत मेस्मर यांचे शिष्य देलाँ यांनी एक जर्दाळूचे झाड ‘भारून’ ठेवले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड दुसरेच होते. चुंबकत्व नसले तरी निव्वळ कल्पनेने झटके येतात, हे समितीने सिद्ध केले. डोळे बांधून घेतलेली ही परीक्षा आधुनिक औषधचाचण्यांची पूर्वज मानली जाते. मात्र समिती तेवढ्यावरच थांबली. ज्या कल्पनेने मुलगा कोसळतो ती कल्पना काय चीज आहे, हे तिने विचारले नाही.

तो प्रश्न कांदोळीच्या आबे फारिया यांनी हाती घेतला. जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ चा. लहानपणीच ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले. गोव्यात अजून सांगतात, की राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिल्यावर त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील कोकणीतून पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी.” आणि मुलगा धडाधड बोलू लागला. दंतकथा असेल, पण एका शब्दाने माणसात काय घडू शकते याची ओळख तिच्यात आहे.

१८१३ पासून फारिया पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. माणसाला आरामात बसवायचे, मन एकाग्र करायला लावायचे आणि ठामपणे म्हणायचे, “झोपा!” समोरचा झोपे. इथे देवत्वाची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामीच होती. सावळा वर्ण, पौर्वात्य पाद्री, भारावलेली गर्दी. सिद्धपुरुष म्हणवून घ्यायला आणखी काय लागते? फारियांनी ती खुर्ची नाकारली. माझ्यातून काहीही निघत नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या आत घडते, असे ते सांगत राहिले. त्यांचे सारेच बरोबर नव्हते. कोण लवकर झोपेल याचा संबंध ते रक्ताच्या पातळपणाशी जोडत. पण मुख्य गोष्ट त्यांना दिसली होती. मोबदल्यात मिळाली टिंगल: एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांची थट्टा झाली. १८१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. बर्नहाइमसारख्या डॉक्टरांनी त्यांचे ऋण मान्य केले ते कित्येक दशकांनी.

मला फारिया जवळचे वाटतात ते यामुळे, की त्यांच्या विचारात भक्ताचा अपमान नाही. बुवाच्या दरबारातून बरे वाटून परतलेली बाई खोटे बोलत नसते. तिची वेदना खरेच कमी झालेली असते, मूळ आजार तसाच असला तरी. पण ती कमी करणारी ताकद तिचीच असते. बुवा ती आपल्या नावावर चढवतो आणि मग तिचा पैसा, तिचा निर्णय, कधी तिचे शरीरही मागतो. खरी लूट ती.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ मध्ये उभारलेला फारियांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे काम जिवंत आहे, यात शंका नाही. पण त्यात फारिया हात पसरून एका कोसळत्या स्त्रीवर झेपावलेले दिसतात, जणू बोटांतून काही वाहते आहे. आयुष्याच्या अखेरीस ते नेमके हेच नाकारत होते. म्हणून गोव्यातल्या जाणत्यांना माझी विनंती आहे: त्या पुतळ्यापाशी फारियांचा निष्कर्ष कोकणीत आणि मराठीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत कोरून लावा.