मैदान राखणारे पडद्यावर कधी येणार?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात पोरांचे खेळ म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. बास्केटबॉल बहुतेकांनी पाहिलाय तो मोबाईलवर. तरी रस्त्यावरच्या बास्केटबॉलचा सिनेमा मी आशेने लावतो. खिशात पैसा नसलेली पोरं मोकळ्या जागेत एकमेकांना आजमावतात, ही गोष्ट लॉस एंजेलिसची असली तरी आम्हाला समजावून सांगावी लागत नाही. २०२३चा ‘व्हाइट मेन कान्ट जंप’ पाहून मात्र फार निराशा झाली, आणि त्या निराशेचं मूळ एका सिनेमापुरतं नाही.

याच नावाचा मूळ सिनेमा रॉन शेल्टनने १९९२ साली केला होता. वेस्ली स्नाइप्स आणि वुडी हॅरेल्सन हे दोघे व्हेनिस बीचच्या कोर्टवर पैजा लावून खेळतात. एकाच्या बायकोला धोक्याच्या वस्तीतून बाहेर पडून स्वतःचं घर हवंय, दुसऱ्याच्या मागे देणेकरी लागलेत. त्यामुळे प्रत्येक बास्केटमागे घरखर्चाची चिंता आहे. कोर्टवरची माणसं शिव्या देतात, डिवचतात, फसवतात, आणि त्यातूनच ती वस्ती आपल्याला कळत जाते. दिग्दर्शक कॅलमॅटिकच्या नव्या सिनेमात पैजा उरल्या, वस्ती गेली. एकाचा गुडघा दुखावलेला, दुसऱ्याचं करिअर एका रागाच्या क्षणी बुडालेलं. दोघांच्या मनावरच्या जखमांवर बोलणं होतं, पुढे बक्षिसाची स्पर्धा येते. आजारी वडिलांच्या भूमिकेत लान्स रेडिक आहे, आणि तो दिसतो तेवढा वेळ सिनेमा खरा वाटतो. बाकी कोर्ट नुसतं मागे रंगवलेल्या पडद्यासारखं उभं असतं.

इथेच माझा आक्षेप आहे. रस्त्यावरचा खेळ आपोआप उगवत नाही. ती जागा कुणीतरी मागून घेतलेली असते, कुणीतरी झाडलेली असते, संध्याकाळी भांडणं मिटवायला कुणीतरी तिथे उभं असतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये होल्कोम्ब रकर नावाचा उद्यान खात्यातला माणूस होता. त्याने पोरांसाठी स्पर्धा सुरू केली आणि खेळाइतकाच शाळेतल्या गुणांचा हट्ट धरला. आज जगभर नाव असलेलं रकर पार्क त्याच्या नावाने ओळखलं जातं. मोठे खेळाडू तिथे पुढे आले. आधी आला तो चिकाटीने राबणारा हा नोकरदार.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. मुंबईत कामाठीपुऱ्याला लागून नागपाडा आहे. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे अमेरिकन मराठी मिशनने ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ हे समाजकेंद्र चालवलं. क्लिफर्ड मॅनशार्ट तिथले प्रमुख होते. १९३६ साली त्यांच्याच पुढाकाराने, त्याच वास्तूत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. म्हणजे गरिबांच्या वस्तीत काम कसं करायचं याचं रीतसर शिक्षण या देशात जिथे रुजलं, त्याच वस्तीने बास्केटबॉल आपलासा केला. बच्चू खान यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी तिथल्या पोरांना घडवलं. त्या गल्ल्यांतून अब्बास मुंतसीर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले, १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. अजून काय हवं कथेला? धर्म, जात, गिरणी, गोदी, मिशनरी, महापालिका, सगळं एका कोर्टभोवती जमलेलं आहे. इतका ऐवज हाताशी असताना आपण आयात केलेल्या, पोकळ कथा पाहत बसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’मध्ये (२०२२) ही वाट धरली होती. नागपूरचे विजय बारसे आणि त्यांचा झोपडपट्टी फुटबॉल यांच्यावरचा तो सिनेमा लांबला, हे मान्य. सामना मध्यंतराच्या आसपास संपतो आणि उरलेला वेळ कागदपत्रं, पासपोर्ट, पोलीस ठाणं यांच्या रांगांत जातो. अनेकांना तिथे कंटाळा आला. मला तोच भाग सर्वांत खरा वाटला. खेळता येणं आणि खेळायला जाता येणं यांतलं अंतर त्या रांगांमध्ये दिसतं. लांबी कापता आली असती, पण त्या रांगा कापायला नकोत.

आमच्याकडे हे अंतर वेगळ्या रूपात आहे. गावागावांत गायरान अतिक्रमणाने आटतंय. शाळेच्या पटांगणात हळद किंवा सोयाबीन वाळत घातलेलं असतं, आणि शेतकऱ्याला दुसरी जागा नसते हेही तितकंच खरं. पोरांनी मग कुठे खेळायचं, हा प्रश्न कुणाच्या कामाच्या यादीत नसतो. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी आपण रोज बघतो, त्यांच्या अगदी जवळून ट्रकही जातात-येतात, तरी मैदानाची मागणी कागदावर येत नाही.

मराठी लेखक-दिग्दर्शकांनी नागपाड्यात जाऊन महिनोन्‌महिने बसावं आणि ती गोष्ट लिहावी. आणि आपण गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत मैदानाचा विषय लेखी मांडावा, ठरावाच्या वहीत तो नोंदवून घ्यावा, आणि नोंद झाल्याशिवाय सभेतून उठू नये.