क्षुद्र म्हणावे कोणाला?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राणिसृष्टीचे वर्गीकरण खालून वर जाते. आरंभी स्पंज, त्यानंतर हायड्रा, जेलीफिश आणि प्रवाळ, मग चपटे कृमी, गोल कृमी व गांडूळ. असे करीत करीत मासा, बेडूक, पक्षी आणि सर्वांच्या शेवटी सस्तन प्राणी. विद्यार्थी आरंभीची पाने परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो. ज्यांना कणा नाही, मेंदू नाही, कित्येकांना तोंडसुद्धा नाही, अशा जिवांची माहिती मिळवून आपल्याला काय करायचे आहे, असे त्याला वाटते. हा प्रश्न उद्धटपणाचा मानण्याचे कारण नाही. मात्र त्याच्यामागे एक समजूत दडलेली आहे. जे खालच्या पायरीवर ते हलके, आणि जे हलके ते दुर्लक्ष करण्याजोगे, ही ती समजूत होय. नैतिक दृष्टीने ती कितपत टिकते, हे तपासून पाहणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सृष्टीची ही शिडी विज्ञानाच्याही आधीपासूनची आहे. वनस्पतीच्या ठायी पोषणाची शक्ती, प्राण्याच्या ठायी त्याखेरीज संवेदना आणि मनुष्याच्या ठायी ह्या दोहोंसह बुद्धी, अशी मांडणी ॲरिस्टॉटलने केली. स्पंजाला कोठे बसवावे, हा पेच त्यालाही पडला होता. उपटायला गेले असता स्पंज अंग आकसून घेतो, असे लोक सांगतात, ही नोंद त्याने आवर्जून करून ठेवली आहे. पुढे ख्रिस्ती विचारवंतांनी ही शिडी आपलीशी केली आणि गुरुविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ती आजही शिकवली जाते.

ही शिडी टाकाऊ आहे, असे मला म्हणायचे नाही. मनुष्य देवाच्या प्रतिमेनुसार घडला आहे, ह्या श्रद्धेवर आपला धर्म उभा आहे. परंतु प्रभू येशूने ह्याविषयी शिकवण दिली ती कशी दिली, हे पाहण्यासारखे आहे. चिमण्या कवडीमोलाने विकल्या जातात, तरी पित्याला त्यांच्यातील एकीचाही विसर पडत नाही, हे त्याने आधी सांगितले. तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे, हे त्यानंतर. मनुष्याचे मोल वाढवण्यासाठी त्याला चिमणीचे मोल कमी करावे लागले नाही. शिडीवर पायऱ्या आहेत, हे मान्य करणे वेगळे आणि खालच्या पायरीकडे तुच्छतेने पाहणे वेगळे. ह्या दोन गोष्टी आपण सहज एकत्र करतो आणि तेथेच घोटाळा होतो.

प्रथम त्या खालच्या पायरीवर आहे तरी काय, ते पाहू. स्पंजाला जठर नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. तो समुद्रतळाला एका जागी चिकटून राहतो. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रे असतात. आतील अगणित पेशी चाबकासारखे तंतू हालवून त्या छिद्रांतून पाणी ओढतात, त्यातील अन्नकण टिपतात आणि पाणी बाहेर सोडतात. बोटाएवढा स्पंजदेखील दिवसाला वीस लिटरांहून अधिक पाणी असे गाळू शकतो. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. त्याच्या पेशी पाण्यात सुट्या सुट्या होऊन पडल्या. काही काळाने त्या सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज घडले. पन्नास कोटी वर्षांहूनही अधिक काळ हा जीव पृथ्वीवर नांदत आहे. त्याची रचना साधी आहे, हे खरे. ती अपुरी आहे, असे मात्र म्हणता येणार नाही; आपल्या जीवनक्रमाला जे हवे ते सर्व त्याच्यापाशी आहे.

अशा साध्या जिवांनी थोर विचारवंतांनाही थांबायला लावले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने आत्म्याच्या परिमाणाविषयी एक संवाद लिहिला. त्यात तो लिगुरिया प्रांतातील एक प्रसंग सांगतो. त्याच्याबरोबर असलेल्या तरुण विद्यार्थ्यांना सावलीत सरपटणारा एक बहुपाद किडा दिसला. एकाने लिहिण्याच्या लेखणीने त्याचे दोन तुकडे केले, तर दोन्ही तुकडे पूर्वीसारखेच चालू लागले. मुलांनी तो चमत्कार ऑगस्टीन आणि त्याचा मित्र अलिपियुस ह्यांच्यापुढे आणला. त्यांनी आणखी तुकडे केले. तेही चालू लागले. आत्मा अविभाज्य आहे असे मानावे, तर एका किड्याचे अनेक चालते तुकडे होतात कसे? ऑगस्टीनने शब्द आणि अर्थ ह्यांच्या संबंधाचा दाखला देऊन उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. पण एका किड्याचे कोडे सुटले नाही म्हणून बुद्धीने पारखून घेतलेले सत्य सोडून देऊ नये, असेही बजावले. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने ह्याच कोड्याला नेमके उत्तर दिले. अशा प्राण्यांचा जीव प्रत्यक्षात एक असला, तरी संभाव्यतेने अनेक असतो. त्यांच्या शरीराला निरनिराळ्या अवयवांची फारशी गरज नसल्यामुळे तुकड्यातही जीव तग धरू शकतो, असे तो म्हणतो.

ह्या गोष्टीला सुमारे पाच शतके लोटल्यावर, १७४० मध्ये, हॉलंडमधील हेग शहराजवळ अब्राहम ट्रेम्ब्ले नावाचा एक तरुण शिक्षक एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवत होता. डबक्यातून आणलेल्या पाण्यात त्याला सेंटीमीटरभरही लांबी नसलेला एक हिरवा जीव दिसला. ही वनस्पती की प्राणी, हे ठरवण्यासाठी त्याने तो मधोमध कापला. काही दिवसांतच दोन्ही तुकड्यांचे दोन संपूर्ण जीव झाले. हाच हायड्रा. ट्रेम्ब्लेने आपली निरीक्षणे १७४४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपात खळबळ माजली. ला मेत्री ह्या फ्रेंच लेखकाने मनुष्य हे केवळ एक यंत्र आहे असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याने ह्या हायड्राचा दाखला दिला. जीव जर कात्रीने वाटता येतो, तर आत्म्याची गरजच काय, असा एकंदर सूर निघू लागला.

आज आपल्याला ठाऊक आहे, की हायड्राच्या शरीरात सतत विभागणाऱ्या पेशींचा मोठा साठा असतो आणि त्यातून तो पुन्हा घडतो. तेव्हा आत्म्याचा कोणी पराभव केला नाही, की श्रद्धेचे काही हिरावले गेले नाही. उलट, मला वाटते, हायड्राने मनुष्याविषयीच एक गोष्ट अधिक स्पष्ट केली. हायड्राचे दोन हायड्रा होतात आणि दोघांतील अस्सल कोणता, हा प्रश्न निरर्थक ठरतो. मनुष्याचे तसे नाही. आईच्या दोन मुलांपैकी एक गेले, तर उरलेले मूल त्याची जागा भरून काढीत नाही. व्यक्ती एकदाच असते. तुटूनही उरणे हे हायड्राचे सामर्थ्य, तर पुन्हा न होणे हे मनुष्याचे मोल. शिडीच्या वरच्या पायरीचा अर्थ आपल्याला खालच्या पायरीकडे नीट पाहिल्यामुळे उमगतो.

आता गांडुळाकडे वळू. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरील आपला पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि त्यांच्यावरील ग्रंथ १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध केला. मधली चाळीसहून अधिक वर्षे तो विषय त्याने सोडला नव्हता. घरात कुंड्यांतून गांडुळे ठेवून त्याने त्यांना पियानो आणि बसून हे सुषिर वाद्य ऐकवले. आवाजाची त्यांना दाद नव्हती. पण कुंडी पियानोवर ठेवली असता कंपने जाणवून ती बिळात शिरत. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता. नांगर हा मनुष्याचा प्राचीन शोध खरा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा जीव जमीन नांगरीत आला आहे, असा त्याच्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. डार्विनच्या सर्व मतांशी सहमत नसणाऱ्या वाचकानेही हा ग्रंथ आदराने हाती घ्यावा. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही त्याच्याकडे चाळीस वर्षे पाहणे, ह्याला मी एक प्रकारची नम्रता म्हणतो. आज गांडूळखताची महती आपल्या शेतकऱ्याला पटवून द्यावी लागत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीही २०१५ च्या ‘लौदातो सी’ ह्या विश्वपत्रात सृष्टीचा समतोल राखणाऱ्या दुर्लक्षित जिवांची आठवण करून देताना कृमींचा उल्लेख टाळलेला नाही.

येथे एखादा चोखंदळ वाचक मला अडवील. गांडूळ उपकारक आहे म्हणून त्याचे गुण गाणे सोपे आहे. पण नारूचे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नारू हाही कृमीच. दूषित पाण्यातील अतिसूक्ष्म सायक्लॉप्सबरोबर त्याच्या अळ्या पोटात जातात. सुमारे वर्षभराने मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून, असह्य दाह करीत बाहेर पडते. आग शमवण्यासाठी रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवतो आणि अळ्या पुन्हा पाण्यात जातात. महाराष्ट्रासह देशातील अनेक राज्यांतील खेड्यांनी हा रोग भोगला आहे. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. १९८६ च्या सुमारास जगात दरवर्षी अंदाजे पस्तीस लाख लोकांना नारू होत असे. अलीकडच्या वर्षांत हा आकडा शंभराच्याही खाली आहे. प्रत्येक जीव जर देवाच्या दृष्टीने चांगला, तर एका जिवाचे असे उच्चाटन करणे पाप ठरेल काय?

माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. ज्या बालकाच्या पायातून नारू निघतो, त्याचे मोल त्या कृमीहून अधिक आहे, आणि ते तसे मानल्याखेरीज मनुष्यप्रेमाला काही अर्थ उरत नाही. परंतु नारू हटला कसा, हेही पाहिले पाहिजे. त्याच्यावर लस नव्हती, रोग बरा करणारे औषध नव्हते. १८७० मध्ये फेदचेन्को ह्या रशियन संशोधकाने ह्या कृमीचा सायक्लॉप्सशी असलेला संबंध शोधून काढला. पुढच्या काळात ते ज्ञान खेडोपाडी पोचवावे लागले: पाणी फडक्यातून गाळून प्या, नारूच्या रोग्याला विहिरीत उतरू देऊ नका, पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हातपंप वापरा. शतकानुशतके नारूची किळस करणाऱ्यांना जे साधले नाही, ते त्याचा जीवनक्रम चिकाटीने अभ्यासणाऱ्यांना साधले. एखादा जीव राखावा की हटवावा, हे ठरवण्याचा अधिकार त्याला आधी नीट ओळखणाऱ्यालाच असतो.

तुच्छतेला असा विवेक करता येत नाही, कारण ती पाहण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळी होते. शिवाय ही सवय प्राण्यांपुरती थांबत नाही. १९९४ मध्ये रवांडात तुत्सी लोकांना नभोवाणीवरून ‘झुरळे’ म्हटले जात होते. अवघ्या शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. त्या देशात निम्म्याहून अधिक लोकसंख्या कॅथलिक होती, आणि आश्रयासाठी चर्चमध्ये जमलेल्यांचीही तेथेच कत्तल झाली. ज्या शिडीचा पायथा तुच्छ मानण्याची मनाला सवय लागली, त्या शिडीच्या पायथ्याशी एखाद्या माणसाला नेऊन बसवणे मग अवघड राहत नाही. आपण रवांडापासून दूर आहोत, म्हणून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. गटारात उतरून काम करणाऱ्याला, परप्रांतातून आलेल्या मजुराला, वेगळ्या जातीच्या शेजाऱ्याला आपण मनातल्या मनात कोणत्या पायरीवर उभे करतो, ह्याचा प्रत्येकाने आपल्या विवेकबुद्धीपुढे झडतीपूर्वक विचार करावा.

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आपली गय करीत नाही. क्रुसावर प्रभूने ज्या बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीच्या शब्दांनी पित्याला हाक मारली, त्याच स्तोत्रात पुढे छळ सोसणारा भक्त स्वतःला मनुष्य न म्हणता कीटक म्हणतो. लोकांनी ज्याला किडा ठरवले त्याच्या जागी देवाचा पुत्र जाऊन उभा राहिला, असा त्याचा अर्थ आहे.

प्रभूच्या दुःखसहनाच्या कथेत प्राणी थोडेच आहेत. झावळ्यांच्या रविवारचे गाढव आपल्याला आठवते, पेत्राला रडवणारा कोंबडा आठवतो. तिसरा प्राणी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रभूला तहान लागली तेव्हा त्याच्या कोरड्या ओठांना लावलेला आंबेचा बोळा हा स्पंज होता: समुद्रतळाशी वाढलेल्या, मेंदू नसलेल्या, हृदय नसलेल्या एका प्राण्याचा सांगाडा. आयुष्यभर पाणी गाळणाऱ्या त्या जिवाने मरणोत्तर ते शेवटचे काही थेंब वाहून नेले. पुढच्या वेळी विज्ञानाच्या पुस्तकातील ती आरंभीची पाने एखाद्या मुलाने कंटाळून उलटली, तर त्याला हे एवढे जरूर सांगावे.